होळी बंतु!

"होळी बंतु" म्हणजे काय, असं डिसेंबरपर्यंत कुणी मला विचारलं असतं, तर मी छातीठोकपणे "होळी बंद" असं उत्तर दिलं असतं. वर पर्यावरणाचं एखादं वाक्यही ठोकून दिलं असतं! ओरल्समध्ये आपण सगळे हेच करतो. उत्तर येत नसलं तरी गप्प बसायचं नाही. पण एका आज्जीनं माझी अशी काही ओरल घेतली की अजून सावरलेलो नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

तर मित्रहो, गोष्ट जानेवारीतल्या एनएसएसच्या शिबिराची. सात दिवस, शिरोळ तालुका, कोल्हापूर जिल्हा, कृष्णाकाठ. गावाचं नाव देत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना ते आवडेल की नाही ठाऊक नाही. नकाशात शोधायचंच असेल तर नरसोबाची वाडी बघा. तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. तिथून नदीच्या कडेकडेनं खाली खिद्रापूरच्या दिशेनं या. त्या पट्ट्यातलं एक गाव. नदी ओलांडून थोडं गेलं की कर्नाटक. आमच्या मोबाइलवर दिवसातून चारदा "कर्नाटकात आपले स्वागत आहे" असा मेसेज यायचा. आम्ही मात्र शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवरच असायचो.

हे गाव माझ्या रूम पार्टनरचं. फर्स्ट इयरपासून आम्ही एका खोलीत राहतो. आणि इथेच मला पहिली कबुली द्यायची आहे. पहिल्याच आठवड्यात त्याला घरून फोन आला आणि तो कन्नडमध्ये बोलायला लागला. त्या दिवशी त्याचं नाव "हुबळी" मीच ठेवलं. हुबळी त्याच्या गावापासून किती लांब, तो कोणत्या जिल्ह्यातला, दहावीला मराठीत त्याला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते, यातलं काहीही मी विचारलं नाही. नाव चिकटलं. मेसचे मामासुद्धा "हुबळीचं ताट कुठंय?" म्हणायला लागले. तोही हसायचा. मग तो फोनवर बोलायला गच्चीवर जायला लागला. रोज रात्री साडेआठला, न चुकता. विंगमधल्या सगळ्यांनी एकमतानं ठराव पास केला की याची गर्लफ्रेंड आहे. तीन सेमिस्टर आम्ही त्याला त्या मुलीचं नाव विचारत होतो.

ती मुलगी मला जानेवारीत भेटली. वय ऐंशीच्या आसपास, नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण. त्याची अज्जी!

* * *

आमच्या शिबिराचं काम होतं क्षारपड जमिनीच्या सर्व्हेचं. ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कृष्णाकाठची काळी जमीन, नदीचं बारमाही पाणी आणि ऊस. पाणी पाट भरून सोडायचं, वर्षानुवर्षं. काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा हळू होतो. मग जमिनीखालची पाण्याची पातळी वर येते, पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. जमीन पांढरी पडते. आधी उसाचा उतारा घटतो, मग ऊस येतच नाही, शेवटी फक्त कुसळं आणि बाभळी. यावर उपाय म्हणजे जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून साचलेलं पाणी ओढ्याला किंवा नदीला काढून देणं. शिरोळ तालुक्यात असं काम बऱ्याच जमिनीवर झालंय आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिलाय. पण पाइप घालायचे तर उतार कुठून कुठे आहे ते आधी नक्की कळायला पाहिजे. पाणी डिप्लोमा-डिग्री बघत नाही, उतार बघतं.

तर ऑटो लेव्हल, स्टाफ, टेप आणि बावीस प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन आमच्या तुकड्या निघाल्या. प्रश्नावली शुद्ध मराठीत होती. इतकी शुद्ध की "आपल्या भूधारणेतील जलनिस्सारणाची पूर्वापार व्यवस्था विशद करा" हा चौदावा प्रश्न मलाच दोनदा वाचावा लागला. अज्जीच्या रानात गेलेल्या तुकडीत मी होतो. रूम पार्टनर दुसऱ्या तुकडीत, दोन शेतं पलीकडे स्टाफ धरून उभा.

अज्जी बांधावर बसली होती. "बर्री, कुंदर्री," म्हणाली. बसा म्हणतेय एवढं हातावरून कळलं. मी प्रश्न वाचायला सुरुवात केली. तिला मराठी येत नाही असं नाही. बाजारापुरतं, दवाखान्यापुरतं येतं. पण रानाबद्दल बोलायला लागली की ती कन्नडमध्ये जाते. साठ-पासष्ट वर्षं तिनं ते रान त्याच भाषेत कसलंय. चौदाव्या प्रश्नाचं मी जमेल तसं सोपं मराठी केलं. त्यावर ती बरंच बोलली. हात करून बाभळीकडे दाखवलं, नदीकडे दाखवलं, आणि दोनदा म्हणाली, "हळ्ळ मुच्च्यार, हळ्ळ मुच्च्यार." आणि मग, "होळी बंतु अंदर..." असं काहीतरी.

आता मला कन्नडचं ज्ञान एवढंच, की हळ्ळी म्हणजे गाव. बस स्टँडवरच्या पाट्यांवर असतं ना, अमुकहळ्ळी, तमुकहळ्ळी. म्हणजे आज्जीबाई गावाबद्दल बोलतायत आणि मग होळीच्या सणाबद्दल. वयानुसार होतं असं, असा मी उदार विचार केला आणि चौदाव्या रकान्यात लिहिलं, "माहिती नाही."

मित्रहो, ते "माहिती नाही" माझ्याबद्दल खरं होतं. मी ते तिच्या नावावर लिहिलं.

* * *

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही चौघं त्यांच्या घरी जेवायला होतो. घर जैनांचं, त्यामुळे थोरली माणसं सूर्य मावळायच्या आत जेवतात. आम्हीही पावणेसहालाच पंगतीला बसलो. जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, शेंगांची चटणी, दही. आपल्या मेसची मी बदनामी करणार नाही, पण तुलना करायचीच वेळ आली तर मी गप्प राहीन.

त्या घरात मी जे ऐकलं ते आधी कधी ऐकलं नव्हतं. अज्जी नातवाशी कन्नडमध्ये बोलते, तो तिला कन्नडमध्ये उत्तर देतो. त्याची धाकटी बहीण अज्जीचं कन्नड ऐकून मराठीत उत्तर देते. वडील बायकोशी कन्नडमध्ये, फोनवर कारखान्याच्या स्लिपबॉयशी मराठीत, आणि दारात आलेल्या ऊसतोडीच्या मुकादमाशी बीडकडच्या मराठीत. एकाच वाक्यात अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. कुणी अडखळत नाही. कुणाच्या लक्षातही येत नाही. भाषा बदलली हे कळणारा पंगतीत मीच एकटा.

जेवता जेवता अज्जीनं नातवाला काहीतरी विचारलं. तो हसता हसता एकदम थांबला आणि मला म्हणाला,

"अज्जी इचारालीय, तू लिवून घेतलंस का न्हाई?"

"काय?"

"हळ्ळ मुजवलाय म्हनून सांगितलंय म्हनं तुला."

"अरे, त्या गावाबद्दल काहीतरी सांगत होत्या..."

"गाव न्हवं बे! गाव म्हंजे हळ्ळी. ही हळ्ळ म्हनालीय. हळ्ळ म्हंजे वडा."

"वडा?"

आता तुम्ही हसाल, पण पुण्याच्या माणसाला वडा म्हटलं की पावच आठवणार. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "वडा रे! तुमच्या भाषेत ओढा. पान्याचा ओढा!"

म्हणजे मला नुसतं कन्नड कळलं नव्हतं असं नाही. त्याचं मराठीसुद्धा कळलं नव्हतं.

मग अज्जीचं सगळं बोलणं त्यानं सांगितलं. तिच्या लग्नानंतर बरीच वर्षं बाभळीच्या अंगानं एक ओढा वाहायचा. गाडीवाट रुंद करताना आणि रानं सपाट करताना तो थोडा थोडा बुजवत नेला. शेवटचा तुकडा बुजवला त्यालाही तीसेक वर्षं झाली. तेव्हापासून रान पाझरायला लागलं. आणि "होळी बंतु" म्हणजे? तिकडच्या कन्नडमध्ये होळी म्हणजे नदी. होळी बंतु, नदी आली. पूर आला! २००५ ला, २०१९ ला, २०२१ ला नदी घरापर्यंत आली तेव्हा पाणी आधी त्याच जुन्या ओढ्याच्या वाटेनं रानात शिरलं आणि ओसरताना तिथेच साचून राहिलं. तिनं वाट दाखवली होती, पाणी येण्याची आणि जाण्याचीही. आणि मला वाटलं, आज्जीबाईंना सण आठवतोय.

दुसऱ्या दिवशी लेव्हल घेऊन आम्ही बाभळीपाशी गेलो. आमचे रीडिंग तीस-तीस मीटरच्या जाळ्यावर घेतलेले होते. मधल्या पट्ट्यात तीन मीटर उंचीचा ऊस उभा. स्टाफ दिसत नाही म्हणून ते बिंदू आम्ही सोडून दिले होते आणि दोन्हीकडच्या रीडिंगवरून मधलं "भरून" काढलं होतं. (सर, हे वाचत असाल तर माफ करा. सबमिशनला सगळेच करतात.) उसाच्या सरीतून वाकून आत शिरलो, जवळजवळ रीडिंग घेतले, तर खरोखरच एक लांबट खोलगट पट्टा निघाला. सरळ नदीकडे उतरणारा. आणि आमच्या आराखड्यात मुख्य पाइपचं तोंड आम्ही बरोब्बर उलट्या बाजूला काढलेलं! तसं काम कुणी केलं असतं तर चर विनाकारण खोल खणावा लागला असता आणि खर्च शेतकऱ्याच्या डोक्यावर बसला असता. सरांनी नवे रीडिंग बघितले, रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "फील्ड बुकात लिहा, ओढा कुणी दाखवला ते." लिहिलं.

* * *

आता मुद्द्यावर येतो. आपण भाषेचा प्रश्न म्हटलं की दोनच गोष्टी करतो. एक तर भांडतो, नाहीतर मराठी दिनाला भाषणं करतो. पण ओढा हा भाषेचा प्रश्न आहे, हे आपल्याला कुठल्याच सेमिस्टरला कुणी सांगितलेलं नाही. सर्व्हेइंगमध्ये आपण चुकांचे प्रकार पाठ करतो. उपकरणाची चूक, माणसाची चूक, निसर्गामुळे होणारी चूक. त्यात एक चौथा प्रकार घाला, असं माझं म्हणणं आहे. न समजलेल्या उत्तराची चूक. ही चूक क्लोजिंग एररमध्ये दिसत नाही. कागद अगदी नीटनेटका दिसतो.

या पट्ट्याबद्दल मी परत आल्यावर थोडं वाचलं. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या दोघांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमधल्या भाषांचा अभ्यास केला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध केला. जगभरचे भाषेचे विद्यार्थी तो वाचतात. आपल्यापैकी किती जणांनी त्याचं नाव ऐकलंय? कन्नड, मराठी आणि उर्दू गावात पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिल्यामुळे त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतल्या वाक्यात शब्दाच्या जागी शब्द ठेवत गेलं की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार होतं, असं त्यांनी दाखवलं. शब्द वेगळे, साचा एकच. पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला आणि २०१६ मध्ये त्या जुन्या निष्कर्षांची चिकित्साही केली. म्हणजे विषय संपलेला नाही. आमच्या पंगतीत मी जे ऐकत होतो त्यावर असे शोधनिबंध लिहिले जातात, आणि मी त्याला "हुबळी" म्हणत होतो.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ बघितलं. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. स्वर्गमंडपात उभं राहून वर बघितलं की छताच्या मधोमध गोल आकाश दिसतं. (स्ट्रक्चरवाल्यांनी एकदा जाऊन याच.) तिथल्या शिलालेखांपैकी बहुतेक कन्नडमध्ये आहेत, आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा लेख संस्कृतमध्ये, देवनागरीत. महाराष्ट्रातलं देऊळ, दगडावर कन्नड, आरती मराठीत. आठशे वर्षांत देवाला काही अडचण आलेली दिसत नाही. आपण तूप म्हणतो, अडकित्ता म्हणतो, अण्णा-अक्का म्हणतो, ते शब्द कन्नडशी नातं सांगणारे. पंढरीच्या विठ्ठलालाच आपण "कानडा" म्हणत आलोय आणि त्याला कुणी टोपणनाव समजत नाही.

पण सगळं गोडीगुलाबीचंच आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. कुपवाडच्या अभ्यासातही भाषा जातीप्रमाणे वाटलेल्या होत्या. जमीनवाल्या जैनांची आणि लिंगायतांची कन्नड, भूमिहीन दलितांची मराठी, मुसलमानांची उर्दू. शेजार होता, समता होती असं नाही. आणि आमच्या अज्जीचं बघा. सातबारा मराठीत, बँकेचा कागद मराठीत, पुराच्या नुकसानीचा पंचनामा मराठीत, आमची प्रश्नावलीही मराठीत. ज्या रानाबद्दल तिला सगळ्यात जास्त माहिती, त्या रानाच्या एकाही कागदावर तिचा शब्द नाही. फक्त अंगठा.

काही जण म्हणतील, "मग काय, महाराष्ट्रात कन्नडमधून कारभार करायचा? सीमाप्रश्न विसरायचा?" नाही. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव, निपाणी, कारवारकडच्या मराठी माणसांवर जे आलं ते मी विसरलेलो नाही. २००४ मध्ये महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तोही विसरायचा नाही. पण तिकडच्या मराठी मुलाला त्याच्या भाषेत बोलू द्या, त्याच्या भाषेत कागद द्या, असं आपण कोणत्या तोंडानं म्हणतो? जे तिकडे हक्क म्हणून मागायचं, ते इकडे एका आज्जीला आणि एका रूम पार्टनरला सौजन्य म्हणूनसुद्धा द्यायचं नाही? माप दोन्ही तीरांवर एकच पाहिजे. नदीची पातळी मोजताना नाही का आपण एकच डेटम धरत? २०१९ च्या पुरानंतर अलमट्टीवरून दोन्ही राज्यं भांडली. कर्नाटकाला पातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे, आपला विरोध आहे. त्या भांडणात कोण बरोबर ते तज्ज्ञांनी ठरवावं. पण दोन्ही बाजूंचे इंजिनिअर उद्या एका टेबलाशी बसले, तर "होळी" म्हणजे सण की नदी एवढं तरी दोघांना सारखं कळलं पाहिजे.

आणखी एक. २०२१ पासून अभियांत्रिकीची पदवी मराठीसह काही भारतीय भाषांत शिकवायला परवानगी मिळाली. मातृभाषेत शिक्षण, चांगली गोष्ट. मी त्याच्या बाजूचा आहे. पण माझा रूम पार्टनर विचारतो, "माझी मातृभाषा कुठली लिवू?" शाळा मराठी, अज्जी कन्नड, पुस्तकं इंग्रजी. फॉर्ममध्ये चौकोन एकच असतो. त्यानं ॲडमिशनच्या वेळी "मराठी" लिहिलं. खोटं नाही ते. पण अर्धंच खरं आहे.

* * *

लेख लांबला. रेक्टर सर लाइट घालवायच्या आत संपवतो. नुसतं भावुक होऊन उपयोग नाही, म्हणून तीन सूचना करतो. पटल्या तर घ्या.

पहिली एनएसएसच्या सरांना. पुढच्या वर्षी प्रश्नावली छापण्याआधी ती गावातल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवूया. प्रत्येक तुकडीत गावाची घरची भाषा येणारा एक जण असू द्या, आपल्यातला किंवा गावातला. उत्तर आधी बोलणाऱ्याच्या शब्दांत देवनागरीत जसंच्या तसं लिहायचं, अर्थ नंतर. आणि "माहिती नाही" तेव्हाच लिहायचं, जेव्हा समोरचा माणूस स्वतः तसं म्हणेल.

दुसरी संपादक मंडळाला. या विभागात एक पान "घरची भाषा" म्हणून ठेवा. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, गोरमाटी, दखनी, कन्नड... आपल्या होस्टेलमध्ये किती भाषा दबक्या आवाजात बोलल्या जातात ते एकदा कळू द्या. प्रत्येकानं शेतीचे, पाण्याचे दहा शब्द द्यायचे. पहिले दहा शब्द आणून द्यायची जबाबदारी माझी. हळ्ळ, होळी, नीर, कब्बू अशी सुरुवात झालीच आहे.

तिसरी आपल्या सगळ्यांना, म्हणजे आधी मलाच. टोपणनावं ठेवा, होस्टेल त्याशिवाय चालत नाही. माझंही "चिमणराव" आहे, तक्रार नाही. पण ज्या नावामुळे एखाद्याला आपल्या आज्जीशी बोलायला गच्चीवर जावं लागतं, ते नाव चेष्टेचं राहत नाही.

शिबिरावरून परत आल्यावर मी त्याला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "जाऊ दे रे, सवय झालीय." हे ऐकून बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. त्या रात्री साडेआठला त्यानं मोबाइल उचलला, चप्पल घातली आणि दरवाज्याकडे निघाला. मी म्हणालो, "थंडी आहे, इथंच बोल की." तो थोडा वेळ दारात उभा राहिला. मग कॉटवर बसला आणि फोन लावला. पाच-सहा मिनिटं बोलत होता. मी जर्नल लिहीत होतो. कळलं काहीच नाही. मध्येच त्यानं मोबाइल माझ्यापुढे धरला.

"घे. अज्जी बोलालीय तुझ्याशी."

पलीकडून आवाज आला, "ऊटा आत?"

एवढं मला येतं आता. जेवण झालं का, असं विचारतेय.

"आत, अज्जी," म्हणालो.

(तृतीय वर्ष, स्थापत्य)